‘कोन पायजे?’ विचारणारी गल्ली

शांत गल्लीत घर घेऊ नये, हे मला कळलं ते भर दुपारी, चैत्राच्या उन्हात, गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी बसून.

आमच्या ह्यांची तेव्हा पैठणहून शहरात बदली झाली होती. मी स्वतःला फार शिकलेली समजत होते. मॅट्रिक पास, मासिकं वाचणारी, ‘काहून’ऐवजी ‘का बरं’ म्हणणारी. गारखेड्यात दोन घरं बघितली. तेव्हाचा गारखेडा म्हणजे अर्धी वस्ती अन् अर्धी ज्वारी. पहिल्या गल्लीत पाऊल टाकलं, तर ओट्यावर गहू निवडत बसलेल्या बायकांनी सूपं खाली ठेवली. “कोन पायजे?” एकीनं विचारलं. दुसरीनं गाव विचारलं. तिसरीनं लेकरं किती ते विचारलं, आणि मी अजून नाहीत म्हटल्यावर चौथी म्हणाली, “काहून नाय?”

मी ह्यांना तिथंच दबक्या आवाजात सांगितलं, “या भोचक बायकांत मी एक दिवस राहणार नाही.”

त्या गल्लीच्या पाठीला पाठ लावून दुसरी गल्ली होती. चार घरं, चारही दारं बंद, आवाज म्हणून नाही. “बघा, किती सुरक्षित! चोरालासुद्धा इथं शिरायला संकोच वाटेल,” मी म्हणाले. चोराला कसला संकोच? अशी गल्ली सापडली तर तो आधी नारळ फोडेल. पण हे कळायला अक्कल लागते, आणि माझ्याकडं तेव्हा फक्त मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं.

उन्हाळ्यात कुरडया घातल्या. सकाळी गव्हाचा चीक शिजवला, पातेलं गच्चीवर नेलं, जुन्या धोतरावर सोऱ्यानं एकेक कुरडई पाडत बसले. तेवढ्यात वावटळ आली, जिन्याचं लोखंडी दार धाडकन लागलं आणि आतला खटका बसला. हे ऑफिसात. मी हाका मारल्या. हाका तरी कशा! “अहो, कुणी आहे का? कृपया जरा येता का?” प्राण कंठाशी आले तरी मी कृपया सोडलं नाही. चारही दारं बंदच. डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसले, पातेल्यातला खरवडलेला चीक खाल्ला. संध्याकाळकडं कुरडया निम्म्या वाळल्या होत्या, मी पूर्ण.

तेव्हा मागच्या गल्लीतून एक बाई आली, कमरेवर हात ठेवून खाली उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, “कोन पायजे?”

मी कठड्यावरून ओरडले, “कुणीपण!”

ती कडूबाई. नाव कडू, जीभ त्याहून. जिना चढून आली, खटका काढला, मला तांब्याभर पाणी पाजलं आणि म्हणाली, “रोज दुपारच्या चहाला तुझा स्टो भुरभुरतो, माझ्या न्हाणीत ऐकू येतो. आज नाय आला. म्हटलं, मेली का काय बघावं.”

महिन्याभरात आम्ही तिच्या गल्लीत राहायला गेलो. माझा अविनाश तिथं जन्मला, तिथंच दहावी झाला. मग नांदेड, मग पुणं. कडूबाईला लिहिता येत नव्हतं, मला आळस होता. माणूस असं तुटतं. भांडण व्हावं लागत नाही.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण माझी नात ऋतुजा. ती इंजिनिअर झाली आणि वाळूजच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. तिकिटावर ते, आणि माझ्या तोंडातून मात्र निम्म्या वेळा जुनं निघत होतं. सोमवारी हजर व्हायचं. दुपारपाळी असली की सुटायला रात्रीचे साडेदहा-अकरा. अविनाशची अट एकच : रविवारपर्यंत सुरक्षित जागा मिळाली तर नोकरी, नाहीतर दोघींनी परत यायचं. दोघींनी म्हणजे मी आणि ती, कारण मीच छाती पुढं काढून म्हटलं होतं, “मी जाते हिच्याबरोबर. ते शहर मला तळहातासारखं माहीत आहे.” तीस-पस्तीस वर्षांत तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. तळहातावर सुरकुत्या पडतात, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही.

खरं सांगायचं तर पिशवीत मी रव्याचे लाडू घेतले होते. मऊ केले होते. कडूबाईला दात उरले असतील-नसतील.

गुरुवार : बीड बायपास

अविनाशनं फोनवरच एक जागा ठरवत आणली होती. बीड बायपासजवळ उंच इमारत, मोठं गेट, पहारेकरी, जिकडंतिकडं कॅमेरे. पहारेकऱ्यानं आमचे नंबर घेतले, माझा फोटो काढला. मी पदर सारखा केला. असा अचानक फोटो काढणारं आता कोण राहिलंय!

दलाल मुलगा ऋतूला स्वयंपाकघर दाखवत होता तेवढ्यात मी माझी परीक्षा घेतली. परीक्षा इमारतीची. बाहेरच्या व्हरांड्यात हातात पिशवी धरून हरवल्यासारखी उभी राहिले. एका दारातून तरुण बाहेर आला, त्यानं जेवणाचं पार्सल उचललं, दार लावलं. एक बाई लिफ्टमधून उतरली, माझ्या पिशवीला वळसा घालून गेली. पुण्यात आमच्या सोसायटीत हेच आहे. समोरच्यांचं आडनाव मला त्यांच्या पार्सलवरून कळलं.

“आजी, इथं काय करतेस?” ऋतूनं विचारलं.

“कुणी विचारतंय का बघतेय.”

“काय?”

“कोण पाहिजे म्हणून.”

तिनं डोळे फिरवले. पण माझी नात बापापेक्षा हुशार. तिनंही परीक्षा घ्यायची ठरवली होती, फक्त तिची वेगळी. कंपनीची बस हमरस्त्यावर सोडणार. दिवेलागणीला आम्ही त्या ठिकाणापासून चालत निघालो. ती पुढं, मी मागं. रस्त्याच्या एका अंगाला मोकळे प्लॉट, दुसऱ्या अंगाला पत्र्याचं कुंपण. दिव्याचे खांब होते, त्यांवर दिवे मात्र लागायचे होते. कुत्र्यांची एक टोळी निवांत पसरलेली. आम्हाला बघून सभा भरल्यासारखी उठली. मी कुत्र्यांना आदरानं बाजूनं जाऊ दिलं.

गेटाच्या झगझगीत उजेडात पोहोचल्यावर ऋतू म्हणाली, “बाबांना गेटाच्या आतली काळजी आहे गं. मला गेटापर्यंतची आहे.”

जागा तिथंच संपली. रात्री लॉजवर तिनं नान-खलिया मागवला, नानसोबत इथला मटणाचा झणझणीत रस्सा. मी गुरुवार पाळते, म्हणून नान दुधात बुडवून खाल्ला आणि खलियाचा वास फुकट घेतला. पुण्यात दहा वेळा खाल्ला असता तरी इतका चांगला लागला नसता, जितका नुसत्या वासानं लागला.

शुक्रवार : गारखेडा

शुक्रवारी मी मोरपंखी साडी नेसले. ऋतूनं विचारलं, “खोली बघायला एवढं?” मी म्हटलं, “घरमालकावर छाप पडते.”

रिक्षावाल्यानं विचारलं, “कां जाना है अम्मा?” ती इथली ‘कां’ ऐकली अन् मी पत्ता सांगायचाच विसरले. पुण्यात इतकी वर्षं काढली, पण मला रस्त्यावर अम्मा कोणी म्हणालं नव्हतं. मी वाटेत ऋतूला दाखवत राहिले, इथं ज्वारी होती, इथं विहीर होती, इथं तुझा बाप सायकलवरून पडला होता. ती बिचारी दरवेळी त्या दिशेनं बघायची आणि तिला दरवेळी मोबाइलचं दुकान दिसायचं.

गल्ली सापडली ती माझ्या पहिल्या, शांत घरावरून. ते आहे अजून. रंग वेगळा, पण गच्चीचं लोखंडी दार तेच, गंजलेलं. मी ऋतूला गोष्ट सांगितली. “कृपया?” ती हसत सुटली, “आजी, तू गच्चीवरून कृपया ओरडलीस?” मीही हसले. मग आम्ही वळून मागच्या गल्लीत गेलो, आणि तिचं हसणं माझ्याकडं बघून थांबलं.

ओटे नव्हते. एकही नाही. ओट्यांच्या जागी गाड्या लावायला जागा, वर तीन-तीन मजले, मजल्या-मजल्यावर क्लासचे आणि वसतिगृहांचे फलक. कडूबाईचं दार कुठं होतं तेसुद्धा मी दोनदा चुकले. शेवटी मधोमध पिशवी धरून उभी राहिले. यावेळी परीक्षा म्हणून नाही. पोरं-पोरी कानात बोंडं घालून येत-जात होती. एका मुलानं माझ्यासाठी गाडी बाजूला घेतली, सभ्यपणानं, आणि गेला. वाईट कोणीच नव्हतं. विचारलंही कोणी नाही.

कोपऱ्यावर पिठाची गिरणी तेवढी होती. मालकाच्या भुवयांवर पीठ. मी विचारलं, “इथं कडूबाई राहायच्या. म्हैस होती त्यांच्याकडं.”

“म्हैस?” त्यानं गिरणी बंद केली. “मावशी, मला इथं पंधरा वर्षं झाली. कडूबाई माझ्या आधीच्या असतील. इथं आता मालक कोणी राहत नाय, सगळे भाड्याचे.” माझ्या तोंडाकडं बघून त्यानं स्टूल पुढं केलं. “बसता का जराशा?”

मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं.

ऋतूनं तोवर एका मुलींच्या वसतिगृहात चौकशी केली. तिथल्या बाईंनी सांगितलं, नऊला फाटक बंद. पाळी असो, काही असो. सुरक्षिततेसाठी. “म्हणजे अकराला आले तर?” ऋतूनं विचारलं. “तर सकाळी या,” बाई म्हणाल्या. सुरक्षिततेसाठी पोरीला रात्रभर रस्त्यावर ठेवायचं, ही युक्ती मला माझ्या मॅट्रिकच्या दिवसांतसुद्धा सुचली नसती.

संध्याकाळी अविनाशचा फोन आला. “जमत नसेल तर राहू दे, आई. रविवारी निघा. मी कंपनीला कळवतो.”

“नोकरी माझी आहे बाबा, कळवायचं तर मी कळवीन,” ऋतू म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडं तोंड करून पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लाडवांचा डबा पिशवीत तसाच होता. तिला एक देऊ केला. तिनं नको म्हणून मान हलवली. मीही खाल्ला नाही. दुसऱ्याच्या नावाचा होता.

शनिवार : सिडको

कंपनीतल्या एका मुलीनं ऋतूला सिडकोतला पत्ता दिला होता. एन-सातमधली एक गल्ली, कुणा वाहूळ सिस्टरांचं घर, वरचा मजला रिकामा. सिडकोतली घरं भिंतीला भिंत लावून बांधलेली, मूळची बुटकी, मग प्रत्येकानं जमेल तसा वर मजला चढवलेला. पत्त्यात घराचा क्रमांक अर्धवट होता. ऋतू म्हणाली, “तू या लिंबाखाली थांब. मी बसचा थांबा बघून येते, मग शोधू. दहा मिनिटं.”

मी लिंबाखाली उभी राहिले आणि वास आला.

ज्याला चीक शिजल्याचा वास माहीत नाही त्याला तो सांगता येत नाही. आंबूस, उबदार, जरासा लहान मुलाच्या डोक्यासारखा. वर बघितलं, तर गल्लीभर गच्च्यांवर जुन्या साड्या पसरलेल्या आणि त्यांवर कुरडया, शेवया, पापड. बायकांचे आवाज या गच्चीवरून त्या गच्चीवर. कोणाचं तरी पोर सोऱ्या फिरवायला भांडत होतं. मी पिशवी छातीशी धरून तोंड वर करून बघत राहिले. किती वेळ, देव जाणे.

एका गच्चीवरून एक बाई वाकली. साठीच्या आसपासची, चष्मा नाकावर, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकानं माखलेले.

“ओ मावशी! कोन पायजे?”

आणि माझ्या तोंडून, मला न विचारता, निघून गेलं, “कुणीपण!”

ती बाई मागं वळून कोणाला तरी म्हणाली, “सुटलेली दिसती घरून. थांब, मी जाते.”

त्यानंतर जे झालं ते फार झटपट झालं. मला हाताला धरून ओट्यावर बसवलं. हो, ओटा होता! कोणी पंखा आणला, कोणी पाणी. नाव विचारलं, गाव विचारलं. मी “पुणं” म्हटल्यावर सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या : पुण्याहून चालत आली की काय? मी समजावून सांगणार होते. पण खरं सांगते, इतक्या दिवसांनी इतक्या जणी एकदम माझ्याकडं बघत होत्या की मी जरा लांबवलं. एकीनं वाटीत गरम चीक आणला, दूध-साखर घालून. मग तर मी मुळीच काही बोलले नाही. दुसरीनं माझा फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला : ‘या आजी कोणाच्या आहेत? ओळखत असल्यास सिस्टरच्या घरी यावे.’ तीन दिवसांत माझा दुसरा फोटो. या शहरात माझं बरं चाललं होतं.

ऋतू परत आली ती लिंबाखाली मी नाही बघून धावतच. तिला पुढच्याच घरातल्या बाईनं अडवलं, “तुझी आजी मोरपंखी साडीवाली का? सिस्टरकडं हाय. चीक खातेय.” (कालचीच. दुसरी चांगली कुठं आणली होती!)

“आजी!” ऋतूच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. “मी किती घाबरले!”

मी उत्तर देण्याआधी चष्मेवाली बाई तिच्यावर घसरली, “तू घाबरली? या वयाच्या माणसाला असं रस्त्यात सोडून जाती व्हय? चक्कर येऊन पडल्या असत्या म्हंजे?”

“त्या अगदी ठणठणीत आहेत,” ऋतू दात दाबून म्हणाली. “त्यांना विचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चमचा चाटत कबूल केलं, “ठणठणीत आहे.”

या चष्मेवाल्या बाईच वाहूळ सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. यजमान मागं वारले, लेक लग्न होऊन नाशिकला. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली लेकीच्या लग्नाचा फोटो. वरच्या मजल्यावर एक खोली, बाजूला अर्धी खोली, मोरी आणि गच्चीला लागून दार. त्या दारातून जाताना मी आपसूक खाली वाकले आणि कोपऱ्यातली वीट फटीत सरकवली.

“वीट काहून ठेवली?” सिस्टरनी विचारलं.

मग सांगावंच लागलं. गच्ची, कृपया, स्टो, कडूबाई, सगळं. सिस्टर सोऱ्या तसाच धरून ऐकत राहिल्या. हसल्या नाहीत. “मग? आता कुठं हाय कडूबाई?”

“काल शोधलं. नाही सापडली.”

त्यांनी हात धुतला, माझ्या पिशवीतला डबा बघितला आणि स्वतःच उघडला. “तिच्यासाठी व्हते?” मी मान डोलावली. त्यांनी लाडू काढला, निम्मा मोडून माझ्या हातावर ठेवला, निम्मा स्वतः खाल्ला आणि उरलेले गच्च्या-गच्च्यांवर पोहोचते केले. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं नाही.

ऋतूचं मन मात्र तयार नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, “ही बाई माझ्यावर पहारा ठेवेल. कुठं गेले, कधी आले. मी त्या गेटवाल्या कॅमेऱ्यातून सुटून याच्यात अडकू?”

तिचं खोटं नव्हतं. कडूबाईच्या गल्लीत मला मूल कधी होणार, ही चर्चा मला सोडून सगळ्यांनी केली होती. मला नुसता निकाल कळवायचे. मी म्हटलं, “मला नको सांगू. त्यांनाच विचार.”

माझी नात सरळ. जाऊन उभी राहिली. “सिस्टर, मी आठवडा-आठवडा रात्री अकरानंतर येणार. चालेल?”

“चालंल. मी जन्मभर नाइट ड्यूट्या केल्या, पोरी. रात्री घरी येणाऱ्या बाईला उजेड लागतो, अन् कोणीतरी जागं लागतं. बाहेरचा दिवा चालू ठेवीन.”

“माझे मित्र येतील कधी.”

“येऊ दे की.”

“तुम्ही काही विचाराल त्यांना?”

“विचारीन.”

“काय?”

“चहा घेता का.” सिस्टरनी चष्मा वर सरकवला. “मग नाव-गाव. ते मी राष्ट्रपती आले तरी विचारीन. पर एक सांगते, तुला विचारीन, तुझ्याबद्दल दुसरीला सांगत बसणार नाय. नर्स व्हते मी. लोकांचं पोटात ठेवायची सवय हाय.”

दिवे लागल्यावर मला ओट्यावर बसवून ऋतू थांब्यावर गेली आणि तिथून एकटी चालत आली. मी गल्लीच्या तोंडाकडं डोळे लावून बसले होते. ती आली, ओट्यावर टेकली.

“औषधाचं दुकान चालू आहे. पुढं अभ्यासिका आहे, मुली बाहेर चहा पीत उभ्या होत्या. पाणीपुरीवाला आहे. अंधाराचा टप्पा एकच, शाळेच्या भिंतीचा, तोही लहान.” मग म्हणाली, “आणि दोन बायकांनी विचारलं, कोन पायजे.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, वाहूळ सिस्टर.”

रविवार

राहिला होता अविनाश. सकाळी व्हिडिओ कॉल लावला. तो कारखान्याच्या तपासनिसासारखा एकेक विचारायला लागला.

“कॅमेरा आहे का?”

सिस्टरनी फोनमध्ये तोंड घातलं. “मी हाय.”

“बरं... वॉचमन?”

“मी हाय.”

“गेट तरी?”

“गेट हाय. लई करकरतं. तेल घालू देत नाय मी कोणाला.”

मला वाटलं, आता अविनाश नाही म्हणतो. पण तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, “आई, कडूमावशी भेटल्या का गं?”

मी त्याला सांगितलंच नव्हतं मी त्यांना शोधणार आहे म्हणून. “नाही रे,” मी म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “बरं. राहू दे ऋतूला तिथं.”

दुपारपर्यंत सामान लागलं. ऋतूनं नवा मिक्सर सगळ्यात आधी मांडला. तिला सकाळी उठल्या उठल्या केळ्याचं काहीतरी दूध घालून घुसळून लागतं, त्याशिवाय माणसात येत नाही. मी अर्ध्या खोलीच्या दारात उभी राहिले. पूर्वेची खिडकी. खाटेला जागा होती. खाटेशेजारी एक तिवई बसली असती. खिडकीतून खालचा ओटा दिसत होता.

“डोळ्यांनी काय मोजताय, मावशी?” मागून सिस्टर.

“काही नाही. ऊन येतं का बघत होते.”

“व्हय का,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं दवाखान्यातल्या नजरेनं बघितलं. ज्या नजरेनं पेशंट ‘दुखत नाही’ म्हणतो तेव्हा बघतात.

ऋतू म्हणाली नाही की राहा, आणि मी विचारलं नाही. तिनं पहिल्यांदा स्वतःचं दार स्वतः उघडायचं होतं. त्या दारात आजी नको. निघताना फाटक करकरलं, आणि गल्लीतल्या तीन दारांतून तीन डोकी बाहेर आली. मी रिक्षात बसेपर्यंत सगळ्यांना हात केला. राणीलासुद्धा इतकी डोकी मिळत नसतील.

पुणं

घरी आल्यावर अविनाशनं विचारलं, “लोक कसे आहेत तिथले?” मी म्हटलं, “विचारणारे.” त्याला पुरलं.

आमचं घर चांगलं आहे. लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहेत, सूनबाई मला काही कमी पडू देत नाही. पण दुपारी दोघं कामावर असतात. मी चहा टाकते, तेव्हा गॅस पेटतो तो मुळीच आवाज न करता. कधी कधी मी मुद्दाम झाकण आपटते. एकदा तर रिकामं पातेलंच आपटलं आणि दार उघडून बघितलं. समोरचं दार बंद, शेजारचं बंद. खाली बागेत एक नवी बाई पिशवी घेऊन उभी होती. मी गॅलरीतून ओरडणार होते, पण आम्ही दहाव्या मजल्यावर राहतो, आणि तिथून विचारलेलं देवालाच ऐकू गेलं असतं.

ऋतू रोज फोन करायची, सगळं छान आहे म्हणायची. मीही सगळं छान आहे म्हणायचे. आम्ही दोघी एकाच वळणाच्या.

तीन आठवड्यांनी एके सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलते न उचलते तोच पलीकडून करकरतं फाटक ऐकू आलं आणि मग सिस्टरचा आवाज :

“मावशी, आज सकाळी तुमच्या नातीचा मिक्सर वाजला नाय, म्हणून वर जाऊन बघितलं. ताप हाय जरासा, गोळी दिली, पेज पाजली, झोपलीय आता. घाबरायचं काम नाय, उद्या उतरंल. पर तुम्ही आजच्या बसनं निघा. अर्ध्या खोलीत खाट टाकून ठेवलीय मी. एवढं चांगलं निमित्त परत येणार नाय, वाया घालू नका.”